पीळ आणि लांबी

नेमबाजीच्या कागदावर कधी कधी लांबट भोक दिसते. गोळी टोकाने शिरली नाही, कुशीवर शिरली, असा त्याचा अर्थ. बंदूक निर्दोष असते. काडतूसही निर्दोष असते. मारणाऱ्याचा हात स्थिर असतो. तीन चांगल्या गोष्टी एकत्र येतात आणि निकाल वाईट लागतो.

दोष शोधणाऱ्याला हे मानवत नाही. त्याला दोषी म्हणून कोणीतरी एक हवा असतो. पण दोन निर्दोषांच्या मधल्या जागेतही दोष राहू शकतो. कित्येक मोडलेल्या घरांत आणि फुटलेल्या भागीदाऱ्यांत तो तिथेच राहतो, आणि लोक आयुष्यभर माणसे तपासत बसतात.

रायफलच्या नळीत आतून पीळदार खाचा कोरलेल्या असतात. गोळी त्या खाचांत आवळून पुढे सरकते आणि सरकता सरकता स्वतःभोवती फिरू लागते. किती इंचांत एक पूर्ण फेरा होतो, त्यावर पीळ मोजतात. एकास सात म्हणजे सात इंचांत एक फेरा. हा घट्ट पीळ. एकास चौदा म्हणजे चौदा इंचांत एक. हा सैल. नळी एकदा कोरली की हा आकडा तिच्या आयुष्याचा झाला. पुढे गोळी बदलता येते. पीळ बदलता येत नाही, त्यासाठी नळीच बदलावी लागते.

टोकदार गोळीचा भार मागच्या अंगाला असतो आणि हवेचा जोर पुढच्या अंगावर येतो. म्हणून नळीतून सुटलेली प्रत्येक लांबट गोळी उलटी होऊ पाहते. बाणाला मागे पिसे असतात. ती हवेचा जोर मागे घेतात आणि बाण सरळ राहतो. गोळीला पिसे नाहीत. तिला सावरणारी एकच गोष्ट आहे, तिचे फिरणे. फिरता भोवरा कलंडत नाही, तशी ती कलंडत नाही. फिरणे अपुरे पडले की हवा तिला आडवी करते.

गोळी जितकी लांब, तितकी हवेला तिला उलटवण्याची संधी मोठी. म्हणून लांब गोळीला घट्ट पीळ लागतो आणि आखूड गोळीला सैल पीळ पुरतो. सगळे शास्त्र या एका वाक्याभोवती उभे आहे.

हे वाक्य गणितात प्रथम नीट बसवले ते आल्फ्रेड जॉर्ज ग्रीनहिल यांनी, १८७९ मध्ये. ते वूलिच येथे तोफखान्याच्या अधिकाऱ्यांना गणित शिकवत. त्यांचा नियम एका ओळीचा आहे. गोळीच्या व्यासाचा वर्ग घ्यावा, त्याला दीडशेने गुणावे, गोळीच्या लांबीने भागावे. इंचांत जे उत्तर येईल, तितक्या अंतरात एक फेरा हवा. ०.३०८ इंच व्यासाची आणि १.२ इंच लांबीची गोळी घेतली, तर उत्तर बाराच्या आसपास येते. वेग फार जास्त असेल तर दीडशेच्या जागी एकशेऐंशी घेतात. पुढे अधिक बारकाईची सूत्रे आली. तरीही ग्रीनहिल यांचा आकडा सव्वाशेहून अधिक वर्षे लोकांना रस्ता दाखवत राहिला.

त्या सूत्रात गोळीचे वजन नाही. हे पहिल्यांदा लक्षात आले की माणूस थोडा थांबतो. दुकानात गोळी वजनावर ओळखली जाते. पंचावन्न ग्रेनची, बासष्ट ग्रेनची, सत्त्याहत्तर ग्रेनची. अमुक वजनाला तमुक पीळ, असे लोक एकमेकांना सांगतात. ते बहुतेक वेळा खरेही ठरते, कारण व्यास तोच असेल तर जड गोळी सहसा लांबही असते. चूक सवयीने बरोबर येत राहिली की तिला नियमाची प्रतिष्ठा मिळते.

काडतुसांच्या कारखान्यात आयुष्य घालवलेले एक गृहस्थ गोळीचे वजन कधी सांगत नसत. ते लांबी सांगत. कोणाही माणसाविषयी मत देण्याआधीही ते बराच वेळ घेत. आपल्या मुलाविषयी मात्र ते बोलत नसत.

माणसांचेही आपण वजन करतो. पद, शिक्षण, घराणे, मिळकत. हे सगळे तराजूवर ठेवता येते. एखाद्याला किती दूरवर जायचे आहे, त्याची इच्छा किती लांब आहे, हे तराजूत दिसत नाही. आणि त्याला आतून किती पीळ लागेल, हे त्या लांबीवरच ठरते. साध्या संसारात समाधानी असलेल्या माणसाला थोडी शिस्त पुरते. तेवढ्याच शिस्तीवर कोणी एकट्याने राज्य बदलायला निघाला, तर तो वाटेत आडवा होतो. त्याची लायकी कमी होती असे लोक म्हणतात. त्याच्या लांबीला पुरेल इतका पीळ त्याला कोणी दिला नव्हता, असे कोणी म्हणत नाही.

वजनाचा नियम अलीकडे एका गिधाडामुळे मोडला. कॅलिफोर्नियातील काँडोर शिकारीचे अवशेष खातात, त्यांत राहिलेले शिसे त्यांच्या पोटात जाते आणि ते विषबाधेने मरतात. त्या राज्याने २०१३ मध्ये कायदा केला आणि जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिशाच्या गोळ्या पूर्णपणे बंद झाल्या. शिकारी तांब्याच्या गोळ्यांकडे वळले. तांबे शिशाहून हलके. तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी शिशाच्या गोळीहून लांब होते. वजन तेच, बंदूक तीच, आणि ज्या नळ्यांचा पीळ जेमतेम होता त्यांना ही नवी गोळी पेलेना. वजनावर भरवसा ठेवणाऱ्यांना कारण सापडेना. लांबी मोजणाऱ्यांना ते आधीच माहीत होते.

एक गोष्ट वजनाच्या बाजूने सांगायला हवी. डॉन मिलर यांनी २००५ मध्ये मांडलेल्या सूत्रात वजन परत येते, पण वेगळ्या कामासाठी. दोन गोळ्यांची लांबी सारखीच असेल तर त्यांतली जड गोळी अधिक स्थिर राहते. म्हणजे मागणी लांबीची असते आणि वजन ती मागणी सोसायला मदत करते. ज्याच्या आकांक्षा मोठ्या आहेत त्याला अनुभवाचा भार असेल तर तो भार त्याला खाली ओढत नाही, धरून ठेवतो. पोकळ लांबी सर्वांत लवकर डगमगते.

नव्या सैनिकी रायफलची नळी वीस इंचांची आणि पीळ एकास सात धरला, तर गोळी नळीत पुरते तीन फेरेही घेत नाही. आत राहण्याचा काळ सेकंदाचा सुमारे हजारावा भाग. बाहेर पडताना मात्र ती मिनिटाला तीन लाखांहून अधिक फेऱ्यांच्या वेगाने फिरत असते. त्यानंतर तिला कोणी हात लावू शकत नाही. जे मिळायचे ते त्या तीन अपुऱ्या फेऱ्यांत मिळालेले असते.

बालपण इतके आखूड असते, हे ते संपल्यावर कळते. कोणी पुढे पन्नास वर्षे माणसाला उपदेश करत राहतो. उपदेश बाहेरच्या हवेसारखा असतो. तो अडवू शकतो, वळवू शकतो. फिरवू शकत नाही.

आणि जे फिरणे एकदा मिळाले, ते सहज जात नाही. हवेच्या विरोधाने गोळीचा पुढे जाण्याचा वेग झपाट्याने घटतो. स्वतःभोवती फिरण्याचा वेग फार सावकाश घटतो. म्हणून नळीच्या तोंडाशी गोळी सर्वांत अस्थिर असते आणि पुढे काही अंतर ती अधिकाधिक सावरत जाते. घरातून नुकतेच बाहेर पडलेले मूल डळमळते, म्हणून त्याला लगेच नावे ठेवू नयेत. पहिल्या टप्प्यावरचे डळमळणे पीळ कमी असल्याची खूण असतेच असे नाही. थोडे अंतर जाऊ द्यावे लागते.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ब्रिटिश सैन्याची एन्फील्ड बंदूक ०.५७७ इंच व्यासाची होती. तिची नळी ३९ इंचांची आणि पीळ एकास अठ्ठ्याहत्तर. गोळी नळीतून बरोबर अर्धा फेरा घेऊन बाहेर पडे. गोळी जाड, आखूड आणि मागून पोकळ होती, तिला इतके जवळपास पुरत असे. मँचेस्टरचे यंत्रतज्ज्ञ जोसेफ व्हिटवर्थ यांनी या कामासाठी आपल्या आवारात पाचशे यार्डांची बंदिस्त गल्ली बांधली आणि वर्षानुवर्षे प्रयोग केले. त्यांनी गोळीचे वजन एन्फील्डइतकेच ठेवले, ५३० ग्रेन. व्यास मात्र ०.४५१ इंचांवर आणला. तेवढेच शिसे बारीक झाले म्हणून लांब झाले. लांब झाले म्हणून पीळ अठ्ठ्याहत्तरवरून वीस इंचांवर आणावा लागला.

१८५७ मध्ये हाइथ येथील चाचण्यांत व्हिटवर्थची रायफल एन्फील्डहून कित्येक पटींनी अचूक ठरली. सैन्याने ती घेतली नाही. ती महाग होती आणि दारूच्या काजळीने तिची नळी लवकर चोंदत असे. त्याच वर्षी हिंदुस्थानात एन्फील्डच्या काडतुसांवरून उठाव पेटला. ते काडतूस किती अचूक मारते हा प्रश्न तिथे नव्हता. ते दातांनी तोडायचे होते आणि त्याला कशाची चरबी लावली आहे हा प्रश्न होता. वस्तू बनवणारे तिच्याविषयी ज्या गोष्टीचा विचार करत असतात, नेमक्या त्याच गोष्टीवर तिचे भवितव्य ठरते असे नाही.

१८६० च्या जुलैत विंबल्डन येथे राणी व्हिक्टोरियाने नेमबाजीच्या पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेचे उद्घाटन केले. व्हिटवर्थची रायफल आधीच एका चौथऱ्यावर नेम धरून पक्की बसवलेली होती. राणीने रेशमी दोरी ओढली. चारशे यार्डांवर गोळी मध्यबिंदूपासून दीड इंचाच्या आत लागली. पूर्वतयारी पूर्ण असली की शेवटचे काम कोणाच्याही हातून होते, आणि नाव त्याच हाताचे राहते. तरीही पूर्वतयारी करणाऱ्याने ती करायची असते.

पीळ कमी पडला तर काय होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण १९५५ मधले आहे. त्या वर्षी अमेरिकेत दोन कंपन्यांनी जवळजवळ एकसारखी काडतुसे बाजारात आणली. दोन्हींच्या गोळीचा व्यास ०.२४३ इंच. विंचेस्टरचे काडतूस ·२४३ आणि रेमिंग्टनचे ·२४४. रेमिंग्टनच्या पुंगळीत दारू किंचित जास्तच मावत असे. शक्तीत ते कुठेही कमी नव्हते.

रेमिंग्टनला वाटले, हे काडतूस घेणारा माणूस लहान प्राण्यांची शिकार करणार. त्याला हलकी, आखूड गोळी पुरेल. त्यांनी नळ्या एकास बारा पिळाच्या केल्या. विंचेस्टरला वाटले, हाच माणूस कधी हरणामागेही जाईल. त्यांनी एकास दहा पीळ दिला. शंभर ग्रेनच्या लांब गोळ्या विंचेस्टरच्या रायफलमधून सरळ गेल्या. रेमिंग्टनच्या रायफलमधून त्या सरळ जातील याचा भरवसा नव्हता. अंतर फक्त दोन इंचांचे. लोकांनी विंचेस्टर निवडली.

रेमिंग्टनने चूक सुधारली. पीळ एकास नऊ केला. १९६३ मध्ये काडतुसाला नवे नावही दिले, ६ मिलिमीटर रेमिंग्टन. गुणात ते आता कोणाला हार जाणारे नव्हते. पण लोकांनी आठ वर्षांपूर्वी जे ठरवले ते ठरवले. ·२४३ आजही जगभर वापरात आहे. दुसरे थोड्या जाणकारांच्या जिव्हाळ्यापुरते उरले.

या घटनेत मला बाजारापेक्षा शाळा दिसते. समोरचा किती लांब जाणार हे दुसऱ्या कोणीतरी आधीच ठरवले, आणि त्या बेताने त्याला पीळ दिला. कमी दिला तेव्हा हेतू वाईट नव्हता. याला एवढे पुरे, असे कोणीतरी विचारपूर्वक म्हटले होते. मजुराच्या मुलाला, खेड्यातल्या मुलीला, तिसऱ्या बाकावरच्या अबोल विद्यार्थ्याला असेच विचारपूर्वक एवढे पुरे म्हटले जाते. पुढे त्यांच्यातले कोणी लांबचे स्वप्न घेऊन निघाले आणि डगमगले, की तो अंदाज खरा ठरल्यासारखा दिसतो. अंदाजानेच ते घडवलेले असते. याहून मोठा अन्याय मला माहीत नाही, कारण हा करणाऱ्याला तो कधीच दिसत नाही.

उलट बाजूचेही उदाहरण आहे. स्वीडनने १८९० च्या दशकात ६.५ मिलिमीटर व्यासाची माउझर रायफल घेतली. त्या काळी तिची गोळी १५६ ग्रेनची, गोल टोकाची आणि आपल्या व्यासाच्या मानाने फार लांब होती. तिच्यासाठी पीळ दिला २०० मिलिमीटरांत एक फेरा. ती गोळी नंतर मागे पडली. टोकदार, निमुळत्या शेपटाच्या नव्या गोळ्या आल्या. त्या हवा कापण्यासाठी आणखी लांबवलेल्या होत्या. त्या जुन्या नळ्यांतून सरळ जात राहिल्या. शंभर वर्षांपूर्वी ज्यांनी घट्ट पीळ दिला, त्यांना या गोळ्यांची कल्पना असणे शक्य नव्हते. त्यांनी फक्त हात आखडता घेतला नव्हता.

हवेचा वाटाही मोजावा लागतो. अमेरिकन सैन्याच्या नव्या रायफलचा, पुढे एम-सोळा म्हणून ओळखल्या गेलेल्या बंदुकीचा, मूळ पीळ एकास चौदा होता. साध्या हवेत पंचावन्न ग्रेनच्या गोळीला तो पुरत होता, पण जेमतेम. अतिथंड हवेत चाचण्या झाल्या तेव्हा नेम विस्कटला. थंड हवा दाट असते. शून्याखाली पन्नासच्या पुढे तापमान गेले की हवा नेहमीपेक्षा जवळजवळ तीन दशांश अधिक दाट होते, आणि जेमतेम असलेली स्थिरता तेवढ्यात संपते. १९६३ मध्ये पीळ एकास बारा करण्यात आला.

लडाखच्या उंचीवर याच्या उलट घडते. पाच हजार मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास राहते. थंडी तिला थोडी दाट करते, पण उंची त्याहून जास्त विरळ करते. कोकण किनाऱ्यावर डगमगणारी गोळी तिथे शहाण्यासारखी जाईल. तिच्यात काही बदल झालेला नाही. विरोध कमी झाला आहे.

ज्यांना आयुष्यात विरळ हवा मिळाली, ते आपल्या स्थिरतेचे श्रेय स्वतःला देतात. दाट हवेत आडव्या झालेल्यांकडे ते ज्या नजरेने पाहतात, ती नजर अज्ञानाची आहे. आपली स्थिरता किती आपली आणि किती हवेची, हे हवा बदलल्याशिवाय कळत नाही. म्हणून जाणकार जेमतेम स्थिरतेवर समाधान मानत नाहीत. मिलर यांच्या मापात एक हा आकडा उलटण्याची सीमा आहे. अनुभवी लोक दीड धरतात. उरलेला अर्धा त्या दिवसासाठी, ज्या दिवशी हवा आपल्या बाजूची नसेल.

ऐंशीच्या दशकात एम-सोळाचा पीळ पुन्हा बदलला. नाटो देशांनी बासष्ट ग्रेनची नवी गोळी स्वीकारली होती. तिच्या टोकाला हिरवा रंग लावला गेला, कारण ती जुन्या एकास बारा नळीतून नीट जात नसे आणि चूक होऊ नये म्हणून ओळख हवी होती. या गोळीला एकास नऊ पीळ पुरला असता. सैन्याने एकास सात घेतला. कारण तिच्या बरोबरीने एक उजेड टाकत जाणारी गोळीही मारायची होती. तिच्यात शिशाच्या जागी जळणारे हलके मिश्रण भरलेले असते, म्हणून ती इतर गोळ्यांहून बरीच लांब असते. दर काही गोळ्यांमागे एक अशी गोळी, इतरांना वाट दिसावी म्हणून. सगळ्या नळ्यांचा पीळ तिच्या एकटीच्या लांबीवरून ठरला.

सरासरीवरून पीळ ठरवला असता तर वाट दाखवणारीच वाटेत उलटली असती. समाजाचे नियम सरासरीवरून होतात. त्यात बहुसंख्यांची सोय होते, आणि ज्यांना सर्वांत लांब जायचे होते ते पडतात. ते संख्येने थोडे असतात, म्हणून त्यांच्या पडण्याची नोंद होत नाही.

मग सगळीकडे घट्ट पीळ का देऊ नये, असा प्रश्न येतो. त्याचे उत्तर तितकेच गंभीर आहे. कोणतीही गोळी पूर्ण समतोल नसते. शिशाच्या गाभ्यात एखादी सूक्ष्म पोकळी असते. बाहेरचे तांब्याचे कवच एका बाजूला केसभर जाड असते. सावकाश फिरताना हा दोष झाकलेला राहतो. वेगाने फिरताना तोच दोष गोळीला बाजूला फेकतो. कवच पातळ असेल आणि फिरणे फारच जास्त असेल, तर गोळी हवेतच फुटते. राखाडी धुराची एक रेघ दिसते आणि कागदावर काहीच उमटत नाही.

शंभर यार्डांवर एका भोकात पाच गोळ्या बसवू पाहणारे बेंचरेस्टचे नेमबाज म्हणून एकास तेरा किंवा एकास चौदा पिळाच्या नळ्या वापरतात. गोळी आखूड घ्यायची आणि तिला उभी राहण्यापुरतेच फिरवायचे. त्यांचा मार्ग लांबच्या नेमबाजाच्या मार्गाच्या उलट आहे आणि त्यांच्या कामापुरता तोच बरोबर आहे.

आखूड माणसावर लांब माणसाची शिस्त लादली की त्याचे लहानसे वैगुण्य मोठे होते. सैल हाताखाली जो साधा, उपयोगी, थोडा विसराळू गृहस्थ झाला असता, तो कडक हाताखाली तुटतो. तो तुटला याचा पुरावा म्हणून लोक त्याचे वैगुण्यच दाखवतात. काही घरांत मी हे पाहिले आहे. त्याविषयी अधिक लिहिणे योग्य नाही.

तोफखान्यात अति पिळाचा आणखी एक परिणाम माहीत आहे. तोफेचा गोळा उंच कमान घेऊन जातो. वर चढताना त्याचे टोक वर असते, खाली येताना ते हळूहळू खाली वळायला हवे. फिरणे गरजेपेक्षा फार जास्त असेल आणि तोफेचे तोंड फार वर असेल, तर तो वळत नाही. सुटताना टोक जिकडे होते तिकडेच धरून ठेवतो आणि बूड खाली करून जमिनीवर येतो. निष्ठा, तत्त्व, बाणा, काहीही म्हणावे. वाट वळली तरी न वळणारी माणसे आपल्या जागी पोचतात, पण उलटी पोचतात. त्यांची स्थिरता खरी असते. पण ती बहिरी झालेली असते.

महाराष्ट्राचा या विद्येशी आजचा सर्वांत सुंदर संबंध ·२२ च्या रायफलचा आहे. तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत पन्नास मीटर प्रोन प्रकारात सुवर्ण मिळवले. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य मिळवले. या खेळात दहाच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर असतो. गोळी चाळीस ग्रेनची, अर्ध्या इंचाहून आखूड. नेहमीचा पीळ एकास सोळाच्या आसपास. ग्रीनहिल यांचा नियम लावला तरी जवळपास तेच उत्तर येते. काडतूसही मुद्दाम ध्वनीच्या वेगाखाली ठेवलेले असते, म्हणजे गोळीला वाटेत ध्वनीचा उंबरा ओलांडावा लागत नाही आणि त्या उंबऱ्यावरचा हिसका बसत नाही. घाई टाळून मिळवलेली ही अचूकता आहे.

इथे पीळ आणि लांबी यांचा हिशेब आधीच सुटलेला असतो. तरीही वरच्या दर्जाचे नेमबाज काडतुसे बनवणाऱ्यांच्या चाचणी-गल्लीत आपली नळी घेऊन जातात. ती पक्की आवळतात आणि एकामागून एक लॉट, म्हणजे एकेका खेपेत बनलेली काडतुसे, मारून पाहतात. एकाच कारखान्याचे, एकाच नावाचे, एकाच किमतीचे दोन लॉट. एक त्या नळीतून घट्ट ग्रुप देतो, दुसरा देत नाही. शेजारच्या नळीत तोच दुसरा लॉट पहिला ठरतो. सूत्र एवढेच सांगते की गोळी उलटणार नाही. ती नेमकी कुठे लागेल, हे मारून पाहावे लागते. लग्ने जुळवणाऱ्यांनी सूत्रापाशी थांबण्याची चूक शतकानुशतके केली आहे.

हे सारे ज्ञान कागदासाठी जमले नाही. ग्रीनहिल तोफखान्यासाठी हिशेब करत होते. व्हिटवर्थची रायफल ब्रिटिश सैन्याने नाकारली आणि अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेच्या निवडक नेमबाजांनी ती दूरवरच्या माणसांवर चालवली. हिरव्या टोकाची गोळी हेल्मेटचे पोलाद भेदावे म्हणून घडली. सरळ जाणे हा गुण आहे, पण तो कोणाच्या दिशेने, हे नळीला विचारता येत नाही. पीळ देणाऱ्याची जबाबदारी म्हणून दुहेरी आहे. स्थिर करायचे, आणि कशावर रोखले आहे तेही पाहायचे. शिक्षण, धर्म, पक्ष, सैन्य, सगळे तरुणांना पीळ देतात. पहिले काम बहुतेकांना उत्तम येते. दुसऱ्या कामाचा हिशेब त्यांच्याकडे मागायला हवा, आणि मागताना भिडेला बळी पडू नये.

पीळ किती आहे हे कित्येकदा नळीवर कोरलेले असते. तरी तो स्वतः मोजावा, असे जुने लोक सांगतात, आणि ते योग्य आहे. बंदूक रिकामी आहे याची खात्री करावी. सफाईच्या गजाला घट्ट फडके लावावे. गजाची मूठ मोकळी फिरणारी हवी. गज नळीत थोडा सरकवून त्यावर एक खूण करावी आणि सावकाश पुढे ढकलावे. फडके खाचांत धरले जाते आणि गज आपोआप फिरू लागतो. खुणेचा एक फेरा पूर्ण झाला की गज किती आत गेला ते मोजावे. नळी आखूड असेल तर अर्धा फेरा मोजून ते माप दुप्पट करावे. मग कॅलिपरने गोळीची लांबी मोजावी. दोन्ही मापांना मिळून दहा मिनिटे लागतात. ही मापे गोळ्या विकत घेण्याआधी घ्यावीत.